धनुर्वात आणि श्वास राखण्याची विद्या

डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. स्थानकातून बाहेर पडून पूर्वेला डोंगराकडे वळले की कासा, सायवन ही गावे लागतात. उत्तरेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेला लागून तलासरी. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली, भाताची शेती, दाराशी गुरे, अंगणाला शेणसडा. साठ वर्षांपूर्वी अशा एखाद्या पाड्यावरच्या माणसाला धनुर्वात झाला, असे समजा. पायात काटा मोडल्याला आठवडा झालेला. आज सकाळपासून तोंड उघडत नाही, मान ताठली आहे. त्याला मुंबईला न्यायचे आहे.

बहुतेक आजारांत अंतर म्हणजे वाया जाणारा वेळ. धनुर्वाताचे तसे नाही. या रोगात आवाज, उजेड, स्पर्श, गाडीचा हादरा यांपैकी कशानेही झटका येतो. पाठीची कमान होते, जबडा आवळतो, छातीचे स्नायू दगडासारखे होतात आणि तेवढा वेळ श्वास थांबतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला सगळे कळत असते. बैलगाडी, मग जीप, मग आगगाडी असा प्रवास म्हणजे झटक्यांना दिलेले आमंत्रणच. ज्या उपचारासाठी प्रवास करायचा, त्याची गरज प्रवासच वाढवतो.

मुंबईच्या रुग्णालयांत मात्र याच काळात या रोगाविषयी एक महत्त्वाचे संशोधन चालू होते. आज ज्याला आपण अतिदक्षता विभाग म्हणतो, त्याच्या जडणघडणीत धनुर्वाताचा वाटा मोठा आहे, आणि त्यातला काही भाग परळ-भायखळ्यात घडलेला आहे. ती हकीगत सांगायची तर आधी रोग कळायला हवा.

नाव जुने आहे. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये धनुःस्तंभाचे वर्णन येते: शरीर धनुष्यासारखे वाकवणारा रोग. गर्भपातानंतर, फार रक्तस्राव झाल्यावर किंवा जखमेनंतर येणारे असे झटके बरे होत नाहीत, असेही तिथे म्हटले आहे. निरीक्षण किती नेमके आहे पाहा. जखम आणि झटके यांचा संबंध त्या वैद्यांना दिसला होता. मधला दुवा दिसायला १८८४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इटलीत तुरीन येथे कार्ले आणि रात्तोने यांनी धनुर्वाताने मेलेल्या माणसाच्या जखमेतला पू सशांना टोचून त्यांच्यात रोग निर्माण केला. त्याच वर्षी जर्मनीत आर्थर निकोलायरने नुसती माती टोचून प्राण्यांना धनुर्वात झाल्याचे दाखवले आणि त्या जखमांत एक काडीसारखा जीवाणू पाहिला. पण तो वेगळा काढता येईना, सोबत दुसरे जीवाणू यायचेच. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातोने १८८९ साली ते जमवले. त्याने मिश्र वाढ ८० अंश सेल्सियसला तापवली. इतर जीवाणू मेले, धनुर्वाताचे बीजाणू मात्र जगले. मग हवेऐवजी हायड्रोजन भरलेल्या भांड्यात त्याने ते वाढवले.

या एका प्रयोगात रोगाची दोन्ही गुपिते आहेत. हा जीवाणू अडचणीच्या काळात टणक कवचाचा बीजाणू होऊन मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि वाढायला त्याला ऑक्सिजन नसलेली जागा लागते. गुरांच्या, घोड्यांच्या आतड्यात तो असतो, म्हणून शेणात आणि शेणखताच्या मातीत असतो. वरवर खरचटलेल्या जागेत त्याचे फारसे चालत नाही. खोल, अरुंद, मेलेल्या पेशींनी भरलेली जखम त्याला सोयीची. वर्गात मुले हमखास सांगतात की गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो. त्यांना विचारावे, गंज म्हणजे काय? ते लोखंडाचे ऑक्साइड. त्यात विष कुठून येणार? खिळा खोल जातो आणि जमिनीवर पडलेला असतो, एवढाच त्याचा गुन्हा. बाभळीचा काटा गंजत नाही, पण काम तेच करतो.

बीजाणूंच्या चिवटपणाची एक किंमत मुंबईने मोजली आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये वाल्देमार हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा होती आणि तिथे तयार झालेली लस देशभर जात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली. एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. ठपका परळवर आला, हाफकिनला कामावरून दूर केले गेले. पुढच्या चौकशीत निघाले ते असे: त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिक आम्लात खळखळवला आणि त्यानेच बूच काढले. कार्बोलिकने साधे जीवाणू मरतात, धनुर्वाताचे बीजाणू इतक्यात मरत नाहीत. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाला. १९२५ पासून त्या प्रयोगशाळेला त्याचे नाव आहे.

शस्त्रक्रियेच्या खोलीतही हाच धोका होता. शिवायला वापरला जाणारा कॅटगट मेंढीच्या आतड्यापासून बनतो. तो नीट निर्जंतुक केलेला नसेल तर जीवाणू थेट पोटात शिवला जायचा. हातमोज्यांत घालायची भुकटी, भिंतीचा पोपडा, दाराशी उडणारी धूळ यांतूनही तो येऊ शकतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम भरत आली, आणि आठव्या-दहाव्या दिवशी रुग्ण म्हणतो, तोंड उघडत नाही, यासारखा दुर्दैवी प्रकार शल्यवैद्याला दुसरा नसेल. आपल्याकडच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाच्या भिंतींवरून, टेबलावरून कापसाचे बोळे फिरवून हाच जीवाणू आहे का ते तपासण्याची पद्धत आजही आढळते. तिच्यामागे ही भीती आहे.

आता विष काय करते ते पाहू. त्यासाठी उपकरण नको, आपला हात पुरे. कोपर वाकवा. दंडाच्या पुढचा स्नायू आवळतो, त्याच वेळी मागचा सैल पडतो. तो आपोआप सैल पडत नाही. मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी त्याला ‘थांब’ असा निरोप देतात. हा निरोप ग्लायसिन आणि गाबा नावाच्या रसायनांनी दिला जातो. धनुर्वाताचे विष जखमेपासून चेतातंतूंच्या आतून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढते आणि नेमका हा निरोप अडवते. कसे अडवते, हे १९९२ साली इटलीत पादोव्हा येथील मोन्तेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले: ते विष म्हणजे एक विकर आहे, आणि रसायनाच्या पिशव्या रिकाम्या करणारे एक प्रथिन ते कात्रीसारखे कापते. ‘थांब’ म्हणणारेच गप्प झाल्यावर प्रत्येक स्नायू ओढतच राहतो. विषाची ताकद अशी की किलोमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या काही अब्जांश भागाने माणूस मरतो.

एकदा विष पेशीच्या आत शिरले की कोणतेही औषध त्याला बाहेर काढू शकत नाही. तंतूंची टोके नव्याने फुटावी लागतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. पण ती फुटतात. विष पेशीला मारत नाही. म्हणजे हा रोग मुळात बरा होणारा आहे, अट एवढीच की तोवर माणूस जगला पाहिजे. या लेखाचा विषय तो ‘तोवर’ आहे.

पहिले प्रयत्न अर्थातच विष मारण्याचे झाले. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविष शोधले; घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ते काढत. पहिल्या महायुद्धात जखमी होताच सैनिकांना ते टोचू लागल्यावर ब्रिटिश जखमींमधले धनुर्वाताचे प्रमाण हजारी आठ-नऊवरून हजारी दोनच्याही खाली आले. रोखायला ते उत्तम ठरले. रोग झाल्यावर मात्र, आत शिरलेल्या विषाला ते हात लावू शकत नव्हते. तरी डॉक्टरांची समजूत अशी की जास्त दिले तर जास्त उपयोग होईल. दहा हजार एकके, पन्नास हजार, दोन लाख. घोड्याच्या रक्तद्रवाची प्रतिक्रिया येऊन माणसे त्यानेही दगावत, खर्च वेगळाच.

ही समजूत मुंबईत तपासली गेली. वकील आणि तुळपुळे या इथल्या डॉक्टरांनी लंडनचे औषधशास्त्रज्ञ लॉरेन्स आणि संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज यांच्यासह दोन लाख एकके आणि दहा हजार एकके यांची तुलना केली. १९६८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वीसपट मात्रेने काही विशेष पदरात पडत नाही. नकारार्थी निष्कर्षांचे कौतुक कमी होते. माझ्या मते असे निष्कर्ष शाळेत आवर्जून सांगावेत. ज्या औषधाचा उपयोग नाही ते न देणे हाही शोधच असतो, आणि गरीब देशात तर फार मोलाचा.

अशी तुलना करायची तर एक अडचण आधी सोडवावी लागते. धनुर्वात कुणाला सौम्य होतो, कुणाला भयंकर. सौम्य रुग्ण एका औषधाच्या वाट्याला जास्त आले, तर ते औषध उगाच चांगले ठरते. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. जे. सी. पटेल आणि जी. जी. जोग यांनी १९५९ साली यावर एक साधी प्रतवारी सुचवली. प्रश्न पाच. जबडा आवळला आहे का? झटके येतात का? जखम आणि पहिले लक्षण यांत सात दिवस किंवा त्याहून कमी अंतर आहे का? पहिले लक्षण आणि पहिला झटका यांत ४८ तास किंवा कमी अंतर आहे का? दाखल झाल्यापासून चोवीस तासांत ताप आहे का? जितकी ‘होय’, तितकी वरची पायरी. रक्त तपासायला नको, यंत्र नको. एक घड्याळ, एक तापमापी आणि नातेवाइकांशी शांतपणे बोलण्याची तयारी एवढे पुरे. कासा किंवा तलासरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही कोणता रुग्ण लगेच हलवायला हवा आणि कोणाला अंधाऱ्या शांत खोलीत ठेवून भागेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. या पाच प्रश्नांना मिळायला हवे तेवढे श्रेय मराठी वाचकांत मिळालेले नाही. अंतराच्या प्रश्नाचा तर्कही सुंदर आहे: विष जितके जास्त, तितका त्याचा प्रवास लवकर परिणाम दाखवतो. जखमेपासून झटक्यापर्यंतचा काळ हे विषाचे न दिसणारे माप आहे.

पटेलांच्या पुढाकाराने १९६३ साली धनुर्वातावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. ती मुंबईत भरावी यात नवल नव्हते, कारण एवढे रुग्ण युरोपातल्या कोणत्याही शहरात नव्हते. पटेल आणि बी. सी. मेहता यांनी १९९९ साली मांडलेल्या आढाव्यात ८,६९७ रुग्ण आहेत. युरोपातला डॉक्टर वर्षाकाठी दोन-चार रुग्ण पाहून जे शिकणार, ते मुंबईत एका वॉर्डात आठवड्यात दिसे. ही गोष्ट अभिमानाची नव्हे हे उघडच आहे.

दरम्यान डेन्मार्कमध्ये एक वेगळी वाट फुटली होती. १९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनचे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना धनुर्वात झालेल्या एका नवजात बाळासाठी बोलावले गेले. त्यांनी कुरारे हे स्नायू लुळे करणारे द्रव्य देऊन झटके थांबवले आणि हाताने पिशवी दाबून बाळाला श्वास दिला. कुरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावत ते विष. एका विषाने आवळलेल्या स्नायूंना दुसऱ्या विषाने सैल करायचे, आणि श्वासाची जबाबदारी आपण घ्यायची, असा तो विचार. थोड्याच दिवसांत शहरात पोलिओची साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. तेव्हा इब्सेन यांना पुन्हा बोलावले गेले. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायची आणि पिशवी दाबत राहायचे. यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, रात्रंदिवस, कित्येक आठवडे पिशव्या दाबल्या. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा सगळ्या रुग्णांना एका खोलीत, सतत डोळ्यांसमोर ठेवणारा विभाग काढला. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून धरतात. १९५४ साली लासेन, इब्सेन आणि सहकाऱ्यांनी धनुर्वातासाठी हीच पद्धत सविस्तर मांडली.

मुंबईत हे काम वाढले ते मुख्यतः जे. जे. रुग्णालयात, डॉ. फरोख उदवाडिया यांच्या विभागात. पूर्वी धनुर्वाताचा वॉर्ड म्हणजे अंधारी खोली, जाड पडदे, कुजबुजत बोलणाऱ्या परिचारिका आणि झोपेची औषधे. झोपेची औषधे कमी पडली तर झटका मारी, जास्त झाली तर श्वास बंद पडे. या दोन टोकांमधली फट फार अरुंद होती. व्हेंटिलेटर आल्यावर ती रुंदावली. स्नायू पूर्ण सैल करा, श्वास यंत्र घेईल. उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली १५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अतिदक्षतेमुळे तीव्र धनुर्वातातले मृत्यू सुमारे ७० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर, आणि एकूण मृत्यू ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले होते.

पण आकड्यांपेक्षा त्या लेखाच्या शीर्षकातला ‘गुंतागुंती’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. श्वास सांभाळला की रोगाने दुसरेच दार उघडले. झटके थांबले, प्राणवायू पुरेसा, आणि तरी दुसऱ्या आठवड्यात रुग्ण एकाएकी जात. नाडी दीडशेवर, रक्तदाब छताला, घामाच्या धारा. तासाभरात दाब पाताळात, आणि हृदय बंद. १९६८ साली ऑक्सफर्डच्या केर, प्रिस-रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी याचे कारण दाखवले. विष फक्त स्नायूंचा लगाम सोडत नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेचाही सोडते. पूर्वीचे रुग्ण श्वास कोंडून आधीच मरत, म्हणून हे कुणाला दिसलेच नव्हते. जे. जे.च्या गटाने मग तीव्र रुग्णांच्या हृदयातला दाब आणि रक्ताचा प्रवाह नळ्या घालून मोजला. तो अभ्यास १९९२ साली आला. इतर गुंतागुंत नसलेल्या तीव्र धनुर्वातातही हृदय सतत धावत असल्यासारखे जास्त रक्त फेकत असते, असे त्यांना आढळले. बिछान्यावर निपचित पडलेला, लुळा केलेला माणूस, आणि त्याचे हृदय डोंगर चढते आहे. अशा हृदयाचा वेग कमी करण्यासाठी सरसकट औषध देणे धोक्याचे का, हे त्यावरून कळते. त्याच्याकडे राखीव ताकद उरलेली नसते.

तिसरे दार तर उपचारानेच उघडलेले. तीन-तीन आठवडे श्वासनलिकेत नळी म्हणजे फुप्फुसात संसर्ग. मूत्रमार्गात नळी, शिरेत सुई, पाठीला चट्टे, पायातल्या शिरेत गुठळी. आज मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात ठेवलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टर ज्या शक्यता सांगतात, त्या याच. वेळच्या वेळी कूस बदलणे, नळीतला कफ निर्जंतुक हातांनी ओढणे, नाकातून नळीने अन्न देणे, दर तासाचा आलेख ठेवणे ही कामे वरवर साधी दिसतात. यंत्र मिळाले तरी ही कामे चोवीस तास करणारी माणसे नसतील तर रुग्ण वाचत नाही, आणि यंत्रापेक्षा ती मिळणे आपल्याकडे अवघड गेले आहे. स्वस्त मार्गांचा शोधही चालू राहिला. श्रीलंकेत मॅग्नेशियम सल्फेट वापरून पाहिले गेले. व्हिएतनाममध्ये २५६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने व्हेंटिलेटरची गरज कमी झाली नाही, पण झोपेची औषधे कमी लागली आणि हृदयाची धावपळ आवरायला मदत झाली.

आता पुन्हा डहाणूकडे. एवढे सगळे मुंबईत होत असताना पाड्यावरच्या रुग्णाला त्यातले किती मिळत होते? खरे सांगायचे तर फार थोडे. जो सव्वाशे किलोमीटर जिवंत पोचला, त्याला खाट मिळाली तर. आणि ज्याला तिथवर नेण्याचा प्रश्नच येत नव्हता, तो सर्वांत मोठा गट म्हणजे नवजात बाळे. घरी बाळंतपण, नाळ विळ्याने किंवा हाताशी असेल त्या पात्याने कापलेली, वर राख किंवा शेण. बाळ दोन दिवस छान दूध पिते. तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी ते स्तन धरेनासे होते, ओठ आवळतात, मग झटके. बाहेरची बाधा झाली म्हणून त्याची बोळवण होई. त्यांची नोंद जन्माचीही नव्हती आणि मृत्यूचीही नव्हती. १९८८ साली जगभरात अशी सुमारे ७ लाख ८७ हजार बाळे गेल्याचा अंदाज आहे.

त्यांच्यासाठीचे उत्तर अतिदक्षता विभागातून आले नाही. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये गास्तों रामोंने फॉर्मॅलिन आणि ऊब यांनी विषाचा विखार काढून टाकला होता. उरलेल्या द्रव्याने, म्हणजे टॉक्सॉइडने, शरीर स्वतःच प्रतिविष बनवायला शिकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला ते टोचलेले होते, आणि जखमा किंवा इजांसाठी रुग्णालयात आलेल्या सत्तावीस लाखांपैकी फक्त १२ जणांना धनुर्वात झाला. १९६१ साली स्कोफील्ड आणि सहकाऱ्यांनी न्यू गिनीच्या माप्रिक भागातला अनुभव प्रसिद्ध केला. तिथेही पाडे, तिथेही घरची बाळंतपणे. त्यांनी बाळाला काहीच टोचले नाही, गरोदर आईला टोचले. आईच्या रक्तातले प्रतिविष वारेतून बाळाला मिळाले आणि बाळे वाचली. नाळ कशानेही कापली तरी.

भारतात गरोदर स्त्रियांना ‘टीटी’ देण्याचे काम १९७०च्या दशकात सुरू झाले आणि १९८५च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने ते उपकेंद्रापर्यंत नेले. सुइणींना नवे पाते, स्वच्छ दोरा आणि धुतलेले हात यांचे शिक्षण दिले गेले. सुईण मोडीत काढण्यापेक्षा तिच्या हातात नवे पाते देणे शहाणपणाचे होते, असे मला वाटते. पाड्यावर तिच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणावर नव्हता. पुढे रस्ते आले, २००५ नंतर रुग्णालयातली बाळंतपणे वाढली. मे २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. उच्चाटन म्हणजे रोग संपला असे नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, अशी त्याची व्याख्या आहे. देवी संपली, कारण ती फक्त माणसात राहत होती. धनुर्वाताचा जीवाणू मातीत राहतो आणि तिथून त्याला कुणी काढू शकणार नाही.

म्हणून आज हा रोग जिथे दिसतो तिथे त्याचे वय बदललेले आहे. आयांना प्रत्येक बाळंतपणात इंजेक्शन मिळाले, मुलांना लहानपणी मिळाले. राहिले ते लसीकरण कार्यक्रमाच्या आधी जन्मलेले, आता साठी ओलांडलेले पुरुष, जे आयुष्यभर अनवाणी शेतात उभे आहेत आणि ज्यांना कुणी कधी सुई टोचलेली नाही. त्यांच्या नातवंडांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, पुष्कळदा शाळेतच, ‘टीडी’ची लस मिळते. २०१९ पासून ‘टीटी’च्या जागी ती आली, तिच्यात घटसर्पाविरुद्धचा अंशही असतो. शाळेत लस देणारे पथक येते त्या दिवशी मुले रडतात, पळतात. घरी आजोबांनी कधी हे इंजेक्शन घेतले आहे का, एवढे त्यांना विचारून यायला सांगता येईल. काटा मोडल्यावर त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरते.

एक गोष्ट डॉक्टरांखेरीज फार कुणाला माहीत नसते. गोवर झालेल्याला सहसा पुन्हा गोवर होत नाही, तसे धनुर्वाताचे नाही. प्राण घ्यायला जेवढे विष पुरते, ते शरीराच्या संरक्षक पेशींना ओळख पटावी इतकेही नसते. महिनाभर यंत्राच्या श्वासावर राहून, हृदयाचे वादळ आणि फुप्फुसाचा संसर्ग सोसून उठलेला माणूस पुन्हा एका काट्याने त्याच वाटेवर येऊ शकतो. त्यामुळे घरी पाठवताना त्याच्या दंडात लसीचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि पुढच्या मात्रांसाठी त्याला परत बोलवावे लागते.